प्रस्तावना : उकळीत टिकणारं एन्झाइम

तुळजापूर, लातूर आणि उदगीर हे तीन तालुके उस्मानाबादी शेळीचं मूळ घर, असं पशुसंवर्धनाची जुनी पुस्तकं सांगतात. ती लिहिली गेली तेव्हा तिन्ही तालुके एकाच जिल्ह्यात होते. पुढे १९८२ साली लातूर वेगळं झालं, नंतर उरलेल्या जिल्ह्याचं नावही बदललं. शेळी होती तिथेच राहिली. बहुतेक काळी, उंच, बालाघाटाच्या उघड्या माळावर बोरी-बाभळी ओरबाडून पोट भरणारी आणि मुख्य म्हणजे जुळी देणारी. बाजारात शेळी घ्यायला गेलेला माणूस दात बघतो, कास बघतो आणि मग विचारतो, "कितव्या वेताची? मागल्या वेताला किती दिली?" विकणारा सांगेल त्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि निम्म्यावर व्यवहार करायचा, ही रीत आहे. शेळीच्या बाबतीत निदान विचारायची सोय तरी आहे. बोकडाच्या बाबतीत तीही नाही. तो स्वतः विणार नाही. त्याच्या लेकी मोठ्या होऊन, गाभण राहून, व्याल्या की मगच त्याच्या रक्तात जुळ्यांचा गुण होता की नाही हे कळायचं, आणि तोवर तो खाटकाकडे जाऊन जमाना झालेला असतो.

मेंढीच्या बाबतीत या अडचणीवर महाराष्ट्रातच तोडगा निघाला. फलटणला बॉन निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. तिथे १९९०च्या दशकात सुंदरबनातल्या गारोल मेंढ्या आणल्या गेल्या. गारोल अंगाने एवढीशी, पण एका वेताला दोन-दोन, तीन-तीन कोकरं देणारी. आपली दख्खनी मेंढी अंगापिंडाने चांगली, डोंगरदऱ्यांतून मैलोन् मैल चालणारी, पण कोकरू बहुधा एकच. अंग दख्खनीचं राखायचं आणि गारोलचा जुळ्यांचा गुण तेवढा त्यात आणायचा, असा बेत होता. त्यासाठी पिढी दर पिढी दख्खनीशी परत संकर करत जायचं आणि दर पिढीत ज्यांच्या अंगी तो गुण उतरलाय तेवढीच पिल्लं पुढच्या पैदाशीसाठी ठेवायची. गुण उतरलाय हे दीड-दोन महिन्यांच्या नर कोकराकडे बघून कसं ओळखणार? डोळ्यांना काही दिसत नाही. रक्ताच्या थेंबात दिसतं. ते बघण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाच्या मदतीने फलटणच्या कळपाला लागू झाली. त्यातून पुढे उभा राहिलेला कळप 'नारी सुवर्णा' या नावाने मेंढपाळांना माहीत आहे.

या जनुकाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. त्यांच्या रक्तातला जुळ्या-तिळ्यांचा गुण पुढे तिथल्या बुरूला नावाच्या मेरिनो कळपात दिसला. त्या कळपाचा पिच्छा पुरवत तीन वेगवेगळ्या गटांनी २००१ साली दाखवून दिलं की फरक फक्त एका अक्षराचा आहे. डीएनएतल्या एका जनुकात ७४६व्या जागी 'ए' असायला हवा तिथे 'जी' आहे, बस्स.

आता ते एक अक्षर वाचायचं कसं? मेंढीच्या एका पेशीत जवळजवळ तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो, आणि हवं ते अक्षर त्यात कुठेतरी दडलेलं. प्रयोगशाळेत यासाठी दोन एन्झाइमं वापरतात आणि दोन्ही जीवाणूंची. पहिलं एन्झाइम त्या अक्षराच्या आसपासचा १९० अक्षरांचा तुकडा तेवढा निवडून त्याच्या कोट्यवधी नकला काढतं. दुसरं एन्झाइम त्या नकलांवर सोडलं की बदललेलं अक्षर असेल तिथेच ते तुकडा तोडतं. १९०चे १६० आणि ३० होतात. मग ते जेलमध्ये सोडून वीज लावायची. लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे रेंगाळतो. अर्ध्या-पाऊण तासाने अतिनील प्रकाशात जेल धरलं की रेषा दिसतात. १९०वर एकच रेषा, तर कोकरात तो गुण नाही. १६०वर एकच, तर आई आणि बाप दोघांकडून आलेला. दोन्ही जागी रेषा, तर एकाकडूनच. तीसचा तुकडा इतका लहान की तो बहुधा जेलमधून धावून पसार झालेला असतो. त्याची वाट बघू नये. १९० आणि १६० या दोन रेषांमधलं अंतरही बोटाच्या पेराएवढंसुद्धा नसतं, म्हणून जेल घट्ट लागतं आणि घाई चालत नाही. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलंय त्याला जनुकाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ही तपासणी मेंढीची आहे. तिचाच कागद दाखवून उद्या कुणी 'जुळ्यांचा खात्रीचा बोकड' म्हणून उस्मानाबादी बोकड विकायला लागला, तर त्याला दारात उभं करू नये.

तर ही दोन एन्झाइमं, आणि त्यातही पहिलं, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याचं नाव टॅक पॉलिमरेज. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवसभर वावरणारी माणसं त्याला नुसतं 'टॅक' म्हणतात. फ्रीजरमधल्या डब्यात बोटाच्या टोकाएवढ्या नळीत ते असतं आणि त्यावाचून आजची निम्मी प्रयोगशाळा बसून राहील.

टॅकचा मूळ मालक थर्मस अक्वाटिकस नावाचा जीवाणू. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात पाण्याचे कढत झरे आहेत. इंडियाना विद्यापीठातले टॉमस ब्रॉक १९६०च्या दशकात तिथे जायचे. इतक्या गरम पाण्यात जीव जगूच शकत नाही, असं तेव्हा पुस्तकांत छापलेलं असायचं. ब्रॉक झऱ्यांच्या कडेचे गुलाबी-पिवळे थर बघत आणि मनात म्हणत असणार की मग हे काय आहे? १९६६ साली त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ याने तिथल्या मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातल्या नमुन्यातून हा जीवाणू वेगळा केला. १९६९ साली दोघांनी त्याचं वर्णन छापलं आणि त्याचं वाण अमेरिकेच्या जीवाणूसंग्रहात ठेवून दिलं, कुणालाही मागवता यावं म्हणून. ७० अंश सेल्सिअसला हा जीवाणू मजेत वाढतो. त्यातून काही विकता येईल असा विचार दोघांच्याही डोक्यात नव्हता. सरकारी पैशातून चाललेलं ते शुद्ध कुतूहल होतं, आणि आपल्याकडे 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न अर्जाच्या पहिल्याच पानावर विचारणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

१९७६ साली सिनसिनाटी विद्यापीठात ॲलिस चिएन, डेव्हिड एडगर आणि जॉन ट्रेला यांनी त्या जीवाणूतून डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम वेगळं काढलं. कढत पाण्यातल्या जीवाणूचं एन्झाइम गरमीत टिकणार, यात नवल नव्हतं. तो निबंध छापला गेला आणि बारा वर्षं जवळजवळ तसाच पडून राहिला.

मधल्या काळात, १९८३ साली, कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. कल्पना ऐकायला सोपी आहे. डीएनएचा दुपेडी धागा ९५ अंशांपर्यंत तापवला की पेड सुटे होतात. मग ५५-६० अंशांपर्यंत थंड केलं की आपण घातलेले छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, आपापल्या जागी जाऊन चिकटतात. एन्झाइम त्या प्रायमरपासून पुढे नक्कल लिहीत जातं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, दोनाचे चार. तीस फेऱ्या झाल्या की हिशेबाने एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर होतात. अडचण एन्झाइमची होती. तेव्हा हाताशी होतं ते ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचं. आतड्यात ३७ अंशांच्या पलीकडे जायची वेळ येत नाही. ९५ अंशांना ते एन्झाइम पहिल्याच फेरीत खलास. म्हणजे दर फेरीनंतर झाकण उघडा, नवीन एन्झाइम घाला, झाकण लावा, नळी या तपमानाच्या पाण्यातून त्या तपमानाच्या पाण्यात न्या. दिवसभर माणूस तिथून हलायचा नाही. शिवाय ३७ अंशांना प्रायमर भलतीकडेही चिकटतात, त्यामुळे नको त्या तुकड्यांच्या नकला निघायच्या.

मग कुणाला तरी चिएनबाईंचा निबंध आठवला. सीटसच्या लोकांनी थर्मस वाढवून त्यातलं टॅक काढलं आणि १९८८ साली 'सायन्स'मध्ये पीसीआर नव्याने मांडला गेला. आता एकदा एन्झाइम घालायचं, झाकण लावायचं, नळी यंत्रात ठेवायची आणि जेवायला जायचं. ९५ अंशांना टॅकची ताकद निम्मी व्हायला सुमारे चाळीस मिनिटं लागतात. दर फेरीत त्याला तिथे अर्धा-एक मिनिटच राहावं लागतं. ७२ अंशांना प्रायमर इकडेतिकडे चिकटत नाहीत, त्यामुळे नक्कलही स्वच्छ. १९८९ साली 'सायन्स'ने टॅकला वर्षातला सर्वोत्तम रेणू ठरवलं, १९९३ साली मलिस यांना नोबेल मिळालं.

पण थर्मस वाढवून टॅक काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्या जीवाणूला हे एन्झाइम स्वतःपुरतं, अगदी कणभर लागतं. तेवढंच तो बनवतो. १९८९ साली त्याचं जनुक ई. कोलायमध्ये बसवलं गेलं आणि चित्र पालटलं. पुनःसंयोजित, म्हणजेच रीकॉम्बिनंट, एन्झाइम म्हणतात ते हे: जनुक एकाचं, राबणारा दुसरा. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वळ्यात टॅकचं जनुक घालायचं आणि त्याच्या आधी एक कळ बसवायची. ई. कोलाय मुकाट वाढत राहतो. वाढ पुरेशी झाली की आयपीटीजी नावाचं रसायन चिमूटभर घालायचं. कळ दाबली जाते आणि जीवाणू टॅक बनवायला लागतो. ते ८३२ अमिनो आम्लांचं थोराड प्रथिन त्याच्या काही कामाचं नसतं. ३७ अंशांना ते धड हलतही नाही, म्हणून त्याला उपद्रवही फारसा होत नाही.

आता या पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग. शेकरवर रात्रभर हललेली ई. कोलायची वाढ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवली, पेशी लायसोझाइमने फोडल्या, की हाती येतो तो हजारो प्रथिनांचा गढूळ, चिकट द्राव. त्यातून एक प्रथिन वेगळं काढायचं म्हटलं तर एरवी महागडे कॉलम, खास यंत्रं, आठवड्याची मेहनत. टॅकच्या बाबतीत नळी ७५ अंशांच्या पाण्यात तासभर धरायची. बस. ई. कोलायची बहुतेक सगळी प्रथिनं गरमीने मोडतात आणि द्राव फाटलेल्या दुधासारखा होतो. तो फिरवला की मोडलेलं सगळं पांढरं तळाशी आणि वर किंचित पिवळसर, निवळ पाणी. टॅक त्या पाण्यात आहे, धडधाकट. एंजेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ही युक्ती छापली, प्लुथेरो यांनी १९९३ साली ती आणखी सोपी केली: वरचं पाणी घ्या, त्यात अमोनियम सल्फेट घाला, प्रथिन खाली बसेल, ते बफरमध्ये विरघळवून घ्या, निम्मं ग्लिसरॉल घाला म्हणजे उणे २० अंशांना नळी गोठणार नाही, आणि फ्रीजरला टाका. एका लिटरभर वाढीतून हजारो तपासण्यांना पुरेल इतका माल निघतो. पदव्युत्तर वर्गाला हे दोन-तीन दिवसांच्या प्रात्यक्षिकात बसवता येतं.

दुसरं एन्झाइम, तुकडा तोडणारं, त्याचं नाव एव्हीए-टू. ते ॲनाबीना व्हेरिएबिलिस या नील-हरित जीवाणूचं; भाताच्या खाचरात नत्रासाठी जे निळं-हिरवं शेवाळ सोडतात, त्याच्याच गणगोतातला हा. जीवाणूला असं एन्झाइम कशाला लागतं? विषाणू त्याच्यात आपला डीएनए घुसवतात, तो तोडून टाकायला. पण तोडायची खूण त्याच्या स्वतःच्या डीएनएतही असते. म्हणून तो दुसरं एक एन्झाइम ठेवतो, जे घरच्या डीएनएवर रासायनिक शिक्का मारतं. शिक्का असेल तिथे तोडायचं नाही. हे सगळं आर्बर, स्मिथ आणि नेथन्स यांच्या कामातून उलगडलं आणि त्यांना १९७८चं नोबेल मिळालं. असं जनुक ई. कोलायमध्ये बसवताना शिक्का मारणारं जनुक आधी बसवावं लागतं. नाहीतर बिचारा ई. कोलाय स्वतःच बनवलेल्या एन्झाइमने स्वतःचेच तुकडे करून मरतो. टॅक म्हणजे शहाणं पोर, हे दुसरं म्हणजे खोडकर. शिवाय ते नाजूक. फ्रीजर बंद पडला तर टॅक काही तास सहज तगतं. एव्हीए-टूचा भरवसा धरू नये. लोडशेडिंग ज्यांच्या पाचवीला पुजलंय त्यांनी दोन्ही नळ्या एकाच डब्यात ठेवू नयेत, एवढं तरी.

कारखान्यातल्या एन्झाइमांबद्दल या पुस्तकात जवळपास काही नाही आणि ते बरोबरच आहे. कपड्यांच्या पावडरीत, पेनिसिलिनपासून पुढची औषधं करताना एन्झाइमं लागतात ती पोत्यांनी, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यात मोठं काम केलंय. तो वेगळा विषय, त्याचं वेगळं पुस्तक. प्रयोगशाळेतलं एन्झाइम लागतं मायक्रोलिटरने, पण त्याची शुद्धता सोन्याच्या कसाला उतरावी लागते.

या सगळ्यात पैशाचा भाग लेखकांनी थोडक्यात उरकलाय. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९१ साली हॉफमन-ला रोश कंपनीने पीसीआरचे हक्क सीटसकडून ३० कोटी डॉलरना घेतले. पुढे प्रोमेगा नावाच्या कंपनीशी त्यांचा टॅकवरून दावा लागला आणि १९९९ साली अमेरिकी न्यायालयाने ठरवलं की मूळ टॅकचं पेटंट पेटंट कार्यालयाची दिशाभूल करून मिळवलं होतं. ते लागू करता येणार नाही. २००५ साली पीसीआरची मूळ पेटंटंही अमेरिकेत संपली. म्हणजे टॅक बनवण्यात आज पेटंटची काडीचीही अडचण नाही. कृती छापील आहे. जनुकही मागवता येतं. तरीही मराठवाड्यातल्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा टॅक मागवते ती बर्फाच्या खोक्यातून. ऑर्डर द्यायची, कोटेशनं तीन, खरेदी समिती, मग कुरियर. सोलापूरपर्यंत खोकं येतं आणि तिथे रविवार लागतो. सोमवारी उघडून बघावं तर बर्फाचं पाणी. विद्यार्थ्यांना एका वर्षात जेमतेम दहा-पंधरा पीसीआर करायला मिळतात, आणि शिक्षक नळी हातात देताना चेहऱ्यावर अशी काही भीती आणतात की पोरं पिपेट धरायलाच बिचकतात.

भारतात हे एन्झाइम बनवणाऱ्यांची परंपरा नाही असं नाही. पी. बाबू यांनी बंगळुरूत १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'जेनेई' सुरू केली आणि देशी प्रयोगशाळांना पहिल्यांदा देशी एन्झाइमं मिळू लागली. तरी २०२० साली कोविड आला तेव्हा आपण किती परावलंबी आहोत हे उघडं पडलं. या विषाणूचा जनुकी मजकूर आरएनएत असतो. तो आधी डीएनएत उतरवायला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज लागतं आणि तिथून पुढे टॅकच. कोविडच्या तपासणीत टॅकचा आणखी एक गुण कामी येतो. नक्कल लिहीत जाताना वाटेत काही चिकटलेलं सापडलं तर ते तोडत जातं. तिथे आधीच एक चमकणारा तुकडा लावून ठेवला की तोडल्याबरोबर तो उजळतो आणि यंत्र ते मोजतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुन्यांचे ढीग लागले होते. मार्चमध्ये पुण्याच्याच मायलॅबच्या संचाला मंजुरी मिळाली, ती देशात बनलेल्या संचांतली पहिली. आणि जगभर ओरड होती ती रसायनांच्या तुटवड्याची. एन्झाइम बनवता येणं हे तेव्हा देशाच्या बळाचं माप झालं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हत्यार विकत घेणारा कायम हत्याराच्या भावाने काम करतो. कुठला प्रश्न विचारायचा हे मग त्याच्या कुतूहलावर ठरत नाही, उरलेल्या अनुदानावर ठरतं. तुळजापूर तालुक्यातल्या शंभर बोकडांचे नमुने घ्यावेत, त्यांच्या जनुकांची फलटणसारखी पद्धतशीर नोंद करावी, असं कुणाच्या मनात आलं, तरी प्रत्येक नमुना दोनदा तपासून दोनशे पीसीआर आणि चुका धरून तीनशे. विकतच्या टॅकवर हा बेत कागदावरच मरतो. घरी काढलेल्या टॅकवर तो एका हंगामात होतो. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं विलासराव देशमुख महाविद्यालय आहे. शेळीच्या मूळ प्रदेशातच दोन्ही संस्था बसलेल्या. एका ठिकाणी टॅक बनवून शेजारच्या चार महाविद्यालयांना वाटलं तर काही बिघडणार नाही.

घरच्या टॅकच्या मर्यादा मात्र स्वच्छ सांगायला हव्यात. लेखकांनी त्या सांगितल्या आहेत, पण तळटीपेत, आणि तळटीप कोण वाचतं? टॅक आपली चूक मागे वळून तपासत नाही. दर काही हजार ते लाखभर अक्षरांमागे एखादं अक्षर चुकीचं लिहितं. तुकडा आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर त्याने फरक पडत नाही. जनुक उचलून दुसरीकडे बसवायचं असेल तर पडतो. दुसरं, घरच्या टॅकमध्ये ई. कोलायच्या डीएनएचे तुकडे उरलेले असतात. मातीतल्या किंवा दुधातल्या 'कुठल्याही' जीवाणूचा शोध घेणारा पीसीआर त्यावर केला तर नमुना न घालताही रेषा येते, आणि पोरगं आनंदाने नाचतं की जीवाणू सापडला. सापडला खरा, पण तो शेकरवरचाच.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शेळी गाभडली की शेतकरी घाबरून येतो. कारण अनेक असू शकतात, त्यातलं एक ब्रुसेला. हा जीवाणू माणसालाही लागतो; कच्च्या दुधातून, आणि वार-जार उघड्या हाताने काढली तर त्यातून. पीसीआरने तो ओळखता येतो. २०२२ साली लम्पीने गुरं पटापट मरू लागली, बाजार बंद झाले, त्या साली पोळ्यालाही बैल घराबाहेर निघाले नाहीत अशी कितीतरी गावं होती. तेव्हाही खात्रीचं निदान पीसीआरनेच होत होतं. अशा वेळी घरचं टॅक हातात आहे म्हणून महाविद्यालयाने शेतकऱ्याला 'रोग आहे' किंवा 'नाही' असा निकाल देऊ नये. नमुना पशुवैद्यकीय खात्यामार्फत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच जायला हवा. घरचं टॅक शिकायला आणि शोधायला. निकालाला प्रमाणित संच. ही रेघ ज्याला पाळता येत नाही त्याने पहिल्या प्रकरणाच्या पुढे जाऊ नये.

मराठवाड्याच्या वाचकाला साहजिकच प्रश्न पडेल की आपल्याकडेही कढत झरे आहेत, त्यांचं काय? माहूरपासून फार लांब नाही असं किनवट तालुक्यातलं उनकेश्वर आहे. लोक तिथे त्वचेच्या दुखण्यासाठी अंघोळीला जातात. कोकणात उन्हवरे आहे, वज्रेश्वरी आहे, खानदेशात उनपदेव. आणि गरम नसलं तरी बुलढाण्याचं लोणार आहे, जिथलं पाणी इतकं अल्कधर्मी की त्यात जगणाऱ्या जीवाणूंवर पुण्या-नागपूरच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं काम करताहेत. २०२० साली ते पाणी गुलाबी झालं तेव्हा आघारकर संस्थेने त्याचा संबंध मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांशी लावला होता. अशा ठिकाणी नव्या एन्झाइमचं जनुक सापडणं अगदी शक्य आहे. पण झऱ्यातलं पाणी बाटलीत भरून परदेशातल्या मित्राला पाठवण्याचा उद्योग कुणी करू नये. यलोस्टोनला टॅकमधून एक पैसा मिळाला नाही. त्या उद्यानाने डायव्हर्सा कंपनीशी लाभवाटपाचा करार केला तो १९९७ साली, टॅकचे कोट्यवधी डॉलर कधीच दुसऱ्याच्या खिशात गेल्यावर. आपल्याकडे २००२चा जैवविविधता कायदा आहे, चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण आहे, नागपूरला राज्याचं मंडळ आहे. अर्ज कंटाळवाणे आहेत हे खरं. तरी भरावेत.

पुस्तकाबद्दल दोन तक्रारी. पीसीआर म्हणजे काय हे समजावताना लेखकांनी चार उपमा दिल्यात; एकही नसती तरी चाललं असतं, आकृती पुरेशी बोलकी आहे. आणि जेलच्या छायाचित्रांत सगळ्या रेषा देखण्या आल्यात. पहिल्या वर्षी कुणाच्याच अशा येत नाहीत. वाकड्या, पसरलेल्या, अर्ध्याच धावलेल्या रेषांची दोन पानं पुढच्या आवृत्तीत घालावीत, आणि प्रत्येकीखाली नेमकं काय चुकलं ते लिहावं: मीठ जास्त, वीज जास्त, जेल पातळ, की एन्झाइम जरुरीपेक्षा दुप्पट.

शेवटचं, कामाला हात घालणाऱ्यांसाठी. महाविद्यालयात जनुक बसवण्याचं कुठलंही काम करायचं तर १९८९च्या नियमांप्रमाणे संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी लागते. टॅकसारखं निरुपद्रवी काम असलं तरी समितीला कळवायचं आणि मगच प्लाझ्मिड मागवायचं. पहिली तुकडी निघाली की तिची ताकद ठरवायला विकतच्या टॅकची एकच नळी पुरते: घरचं टॅक दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट पातळ करून त्या विकतच्याच्या शेजारी एकाच जेलवर पळवायचं आणि ज्या पायरीवर रेषा जुळते ती वहीत नोंदवायची. नववं प्रकरण यासाठी आहे. त्यातल्या तक्त्यात बफरचं मॅग्नेशियम दीड मिलिमोलर धरलंय. घरच्या टॅकसाठी ते दोनपर्यंत वाढवून बघायलाही हरकत नाही.

तुळजापूर